थांब म्हणेपर्यंत

भर हंगामात भट्टीवरच्या दोन्ही मजूरजोड्या एकाच सकाळी उठून गेल्या. नदीपलीकडं यंत्राची वीटभट्टी सुरू झाली होती. तिथं चिखल यंत्र मळायचं, वीट यंत्र पाडायचं, माणसांनी नुसतं उचलून ठेवायचं. जाताना मजूर चार शब्द गोड बोलले, साचे धुऊन ओळीनं उपडे घातले आणि बोचकी डोक्यावर घेऊन निघाले. भट्टीवाला त्यांना अडवायला गेला नाही. त्यांच्या जागी तो असता तर तोही गेला असता.

मागं उरली त्याची म्हातारी आई, विटा रचणारे बहिरे काका, आणि शाळेला सुट्टी म्हणून मातीच्या ढिगावर हुंदडणारी त्याची मुलगी. रांगायच्या वयापासून दिसेल त्यावर चढायची भारी हौस, म्हणून तिला सगळे खारू म्हणत. माती काढायला घेतलेला जमिनीचा तुकडा पावसाळ्याआधी सपाट करून मालकाला परत द्यायचा होता. भट्टी अर्धीसुद्धा रचून झाली नव्हती, आणि दुपार कलली की रोज डोंगराच्या बाजूनं ढग वर यायला लागले होते. कच्च्या विटेला पाण्याचा हात लागला की तिची पुन्हा माती.

आणि त्याच दुपारी भट्टीवाल्याची बायको परत आली.

कुणी आणून सोडली की चालत आली, कुणाला कळलंच नाही. तो सुकायला घातलेल्या विटांवर प्लास्टिक ओढत होता. वळून पाहतो तर चिखलाच्या खड्ड्यात एक बाई कपडे गुडघ्यापर्यंत खोचून माती तुडवतेय. केस कानाच्या वर कापलेले, मानेची हाडं वर आलेली. आधी त्याला वाटलं, कुणी काम मागायला आलीय. मग तिनं मान वळवली आणि त्याच्या हातातलं प्लास्टिक सुटून वाऱ्यावर फडफडायला लागलं.

त्यानं हाक मारली नाही. खारू नुकती बोबडं बोलायला लागली तेव्हा तिला झोपलेली टाकून ही बाई निघून गेली होती, आणि आता खारू दुसरीत होती. एवढ्या वर्षांनंतर पहिला शब्द कोणता काढायचा, हे त्याला सुचेना. म्हातारी कमरेवर हात ठेवून खड्ड्याच्या काठावर येऊन उभी राहिली. तीही बोलली नाही, कारण पोरगा काय बोलतो ते तिला बघायचं होतं. खारू आजीच्या मागं लपून या नव्या बाईचे पाय बघत बसली.

बाई तुडवत राहिली. चिखल तयार झाला, तयार होऊन लोण्यासारखा झाला, तरी ती तुडवतच होती. ऊन उतरलं, तिचे पाय लटपटायला लागले, एकदा ती हातावर पडली आणि उठून पुन्हा तुडवायला लागली. बहिऱ्या काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं; ते भट्टीवर आले ते ती गेल्यानंतर. ते आपले विटा रचून खाली उतरले, चिखलात बोट घालून बघितलं आणि म्हणाले, "अगं बाई, झाला की चिखल. थांब आता."

ती तत्क्षणी थांबली. एक पाय अजून वरच होता.

घराशी आल्यावरही तसंच. सगळे आत गेले, ती दाराबाहेर उभी. म्हातारी चूल पेटवून बाहेर आली तरी उभीच. "आता घरच्या बाईला आवतण द्यायचं का?" म्हातारी मुलाला म्हणाली. भट्टीवाल्याच्या पोटात इतक्या वर्षांचा राग साठला होता, पण तो कोणत्या टोकानं उलगडायचा ते समजत नव्हतं. शेवटी तो एवढंच म्हणाला, "ये आत." ती आली. "बस." बसली. पुढं ताट आलं. ती ताटाकडं नुसती बघत राहिली. भुकेनं गळा हलत होता, पण हात मांडीवरून उचलेना.

"खा की," तो म्हणाला.

मग ती अशी जेवली की म्हातारीनं आपल्या ताटातलं काढून तिला वाढलं.

तसं पाहिलं तर तिच्या जाण्याला भट्टीवाल्यानंच वाट करून दिली होती, असं त्याला कधीकधी वाटायचं. खारूच्या पाठीवर एक मूल झालं आणि आठवडाभरातच गेलं. तेव्हापासून तिची झोप उडाली. भिंतीला टेकून बसायची, खारू रडली तरी उठायची नाही. नातेवाईक येऊन चार शहाणपणाचे शब्द सांगून जात. म्हातारी म्हणे, आमचीही पोरं गेली होती, आम्ही काय अशा बसलो होतो? तेव्हा धावून आल्या त्या माळावरच्या मंडळींच्या बाया. माळावर त्यांची वस्ती होती, आणि त्यांच्यातल्या मुख्य माणसाला सगळे थोरले म्हणत. त्या बायांनी घर झाडलं, खारूला भरवलं, हिचे केस विंचरले, हिचा हात हातात घेऊन बसून राहिल्या. बदल्यात काही मागितलं नाही. भट्टीवाल्यानं आपणहून त्यांच्या वस्तीला गाडीभर विटा नेऊन टाकल्या. तो एकदोनदा बायकोबरोबर त्यांच्या बैठकीलाही गेला. थोरले पूर्वी बियाणं विकायचे. हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलायचे. ते सांगायचे की आपल्या आत जे सतत बोलत असतं ते आपण नसतोच. ती कुजबुज. हे आवडतं, ते नको, याची आठवण येते, त्याची शंका येते, सगळी कुजबुज. रोज संध्याकाळी ती दुसऱ्याजवळ ओकून टाकायची आणि मोकळं व्हायचं. बायको पहिल्या बैठकीच्या रात्री गाढ झोपली. भट्टीवाल्याला वाटलं, सुटलो.

पुढं ती तिकडंच राहायला गेली. तो आणायला गेला तेव्हा ती फाटकाशी आली, पण एकटी नाही. तिच्यासोबत तिची राखणबाई होती. तिथं प्रत्येकावर राखण करणारं कुणीतरी असायचं. त्यानं बायकोला विचारलं, "खारूची आठवण येत नाही?" बायकोनं राखणबाईकडं बघितलं. राखणबाईनं उत्तर दिलं, "येते. पण ती कुजबुज आहे, हे आता तिला कळतं." तो परत आला.

आणि आता थोरले गेले होते. मी मरणार नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि चारचौघांसारखे तापानं गेले. माळावरची माणसं पांगली, हे बाजारात बोललं जात होतंच. पांगून ती कुठं गेली, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती भट्टीवर कामाला लागली. साचा तिच्या हातात बसलेला होता, लग्नानंतर तीच तर म्हातारीच्या जोडीनं विटा थापायची. चिखलाचा गोळा उचलायचा, रेतीत लोळवून साच्यात दाणकन आपटायचा, वरचा चिखल हातानं निपटायचा आणि साचा उलटा करून अलगद काढून घ्यायचा. ती वाकली की वाकलेलीच. दोन मजुरांचं काम एकटी उरकायची. पाठ ताठ करायला थांबायची नाही, पाणी प्यायला उठायची नाही. 'पाणी पी' म्हटलं की प्यायची. विटांचे कोपरे तुटके नाहीत, बाजू सरळ. बहिरे काका वीट हातात घेऊन फिरवून बघायचे आणि खूश होऊन मान हलवायचे.

फक्त मधूनच ती हातातलं काम टाकून भट्टीवाल्याजवळ यायची आणि हळूच विचारायची, "अहो, मला तहान लागली. हे माझं की कुजबुज?"

पहिल्यांदा त्याला हसू आलं. तहान ती तहान, तिचं काय विचारायचं? पण ती खरंच उत्तराची वाट बघत होती. डोळे त्याच्या तोंडावर, ओठ सुकलेले.

"तुझं आहे," तो म्हणाला. "जा, पी."

तिचा चेहरा असा मोकळा झाला की त्यालाच बरं वाटलं.

संध्याकाळी ती त्याच्यासमोर मांडी घालून बसायची आणि दिवसभराची कुजबुज सांगायची. सकाळी आईंचा राग आला. उन्हात आडवं व्हावंसं वाटलं. खारूचे केस विंचरावेसे वाटले, पण हात लावला नाही. थोरले गेलेच नाहीत, कुठंतरी बसून सगळं बघताहेत, असं वाटलं. असं सगळं एका सुरात सांगायची आणि मग मान खाली घालून थांबायची. माळावर अशा वेळी राखणबाई शिक्षा सांगायची. उपाशी राहा, अबोला धर, संडास घास. भट्टीवाल्याला हे सगळं चमत्कारिक वाटायचं. पहिल्या संध्याकाळी तो उठूनच गेला, तर ती पहाटेपर्यंत तशीच बसून. डोळे तारवटलेले. दुसऱ्या संध्याकाळी त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "झालं. गेलं सगळं. आता झोप." ती झोपली.

मग हाच परिपाठ पडला. त्यात वाईट काय आहे, ते त्याला दिसत नव्हतं. बायको जेवत होती, झोपत होती, काम होत होतं, भट्टी वर चढत होती.

म्हातारी तर हरखलीच. गेली तेव्हा सून उलटून बोलायची, आता तोंडातून शब्द नाही. "माळावर काही का शिकवेनात, वळण तेवढं लावलं," ती म्हणायची. हळूहळू तीही बसल्या जागेवरून सांगायला लागली, हे आण, ते ठेव, पाय चेप. दूधवाला सकाळी दूध घालता घालता हे सगळं बघायचा. एकदा तो हसून म्हणाला, "आमच्याही घरचीला धाडू का हो माळावर थोडे दिवस?" सगळे हसले. भट्टीवालाही हसला. बायको हसली नाही, कारण तिला कुणी हस म्हटलं नव्हतं. हे मनात आलं आणि तो दुधाचं भांडं उचलून आत गेला.

खारू सुरुवातीला आईपासून लांब राहायची. मग तिला शोध लागला की ही बाई सांगितलेलं सगळं ऐकते. पोरांना असा माणूस मिळाला तर काय हवं? खारूनं सांगितलं की आई बेडूकउड्या मारायची, खारूनं सांगितलं की डोळे मिटून शंभर म्हणायची. दोघींची गट्टी जमतेय, असं समजून भट्टीवाला बघून न बघितल्यासारखं करायचा.

एका दुपारी तो मालकाकडं जाऊन आला. तुकडा रिकामा करायला आणखी थोडे दिवस मागायला गेला होता. मालकानं त्याला ओट्याखाली उभं ठेवलं, स्वतः जेवून हात धुऊन आला, आणि नाही म्हणाला. भट्टीवाला तापलेल्या डोक्यानं परतला तर विटा सुकवायच्या मोकळ्या मैदानात बायको उभी. दोन्ही हात आडवे पसरलेले, एक पाय वर घेतलेला, डोक्यावर काही नाही. तोंड भाजून लालबुंद, ओठ फुटलेले, टेकलेल्या पायाची पोटरी उडत होती. कपडे ओले झालेले बघून तो चरकला. जागेवरच झालं होतं तिला.

"काय करतेस?" तो ओरडला. "हात खाली घे."

तिनं हात खाली घेतले आणि ती कोसळली.

खारू पुतळा-पुतळा खेळत होती. आईला पुतळा केलं, तेवढ्यात शेजारची मैत्रीण बोलवायला आली, आणि ती आईला सोडवायचं विसरून गेली. भट्टीवाल्यानं खारूवर हात उगारला. पोरगी डोळे फाडून आईकडंच बघत होती. तिला माराचं भय वाटत नव्हतं. तिला आईचं भय वाटत होतं. त्याचा हात खाली आला. आपल्यात आणि पोरीत फरक काय, हे त्याला धड सांगता आलं नसतं. पोरीनं खेळासाठी केलं, त्यानं भट्टीसाठी.

म्हातारीनं मात्र त्या दिवशी सुनेला स्वतःच्या हातानं धुऊन कोरडे कपडे घातले, आणि त्यानंतर तिला एकही काम सांगितलं नाही.

तो तिला मोठ्या गावच्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी विचारलं, तुम्हाला काय होतंय, तर ती नवऱ्याकडं बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळानं आत बोलावून सांगितलं, झोपेची गोळी देते, दर आठवड्याला घेऊन या. हे दुखणं खरं आहे. वर्षानुवर्षं हिला शिकवलंय की तुझं मन तुझं शत्रू आहे, मग ती मनाचं ऐकेल कशी? तुम्ही हिच्यासाठी ठरवू नका. लहान लहान गोष्टी तिलाच ठरवू द्या. त्यानं विचारलं, किती दिवसांत बरी होईल? त्या म्हणाल्या, ते आत्ता सांगता येणार नाही.

घरी येऊन त्यानं तसं करून बघितलं. सकाळी म्हणाला, "चहा घेतेस की दूध? तूच ठरव."

ती दोन्ही भांड्यांकडं बघत बसली. कपाळावर घाम आला. एका भांड्याकडं हात नेला, मागं घेतला. "तुम्ही सांगा ना," ती म्हणाली. तो नाही म्हणाला. ती रडायला लागली आणि रडता रडता स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागली. संध्याकाळी तो कुजबुज ऐकायला बसला नाही, तर ती कणगीमागच्या सांदीत जाऊन बसली, ती निघेना. गोळी दिली तरी डोळे उघडेच. चार दिवसांत ती पुन्हा भिंतीला टेकून बसायला लागली, मूल गेलं तेव्हा बसायची तशी. खारू लांबून बघायची. तिकडं ढग रोज थोडे जास्त काळे होत होते.

पाचव्या दिवशी त्यानं हार खाल्ली. "ऊठ," तो म्हणाला. "तोंड धू. चहा घे. साचा घे." ती उठली, आणि तिच्या तोंडावर कसलासा उजेड आला. त्याला वाटलं, आपण हिच्यावर दया करतोय. लगेच वाटलं, आपण हिला फसवतोय. दोन्ही खरं असेल का? विचारायचं तरी कुणाला? बहिऱ्या काकांजवळ तो बराच वेळ बोलला, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि रचाईला पुढच्या विटा मागितल्या.

रचाई संपत आली तेव्हा राखणबाई आली.

भट्टीवाल्यानं तिला लगेच ओळखलं नाही. फाटकाशी उभी राहून बायकोच्या वतीनं बोलणारी ती ताठ बाई कुठं, आणि ही कुठं! पाय सुजलेले, एका पायात चप्पल, दुसऱ्याला फडकं गुंडाळलेलं. तिला बघताच बायकोनं साचा खाली ठेवला आणि मान खाली घालून उभी राहिली. भट्टीवाल्याचं रक्त तापलं. ही हिला न्यायला आलीय, असं त्याला वाटलं. तो फावडं हातात घेऊनच पुढं झाला. म्हणाला, "ती कुठंही येणार नाही."

राखणबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिचे डोळेही तसेच, समोरच्याच्या तोंडाला चिकटून वाट बघणारे.

"मी न्यायला नाही आले," ती म्हणाली. "माळावर आता सांगायला कुणी नाही. मी बसू का?"

फावड्याचं काय करावं ते त्याला कळेना. "बसा," तो म्हणाला, आणि ती होती त्या जागी, धुळीत बसली.

तिला भाऊ होता, पण तो आत घेईल की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. जायचं की नाही, हेही तिला ठरवता येत नव्हतं. माळावर ती दहाबारा जणींची राखण करायची, पण तिच्यावर राखण थोरल्यांची होती. ते गेल्यापासून तिनं आपली कुजबुज कुणालाच सांगितली नव्हती. डोकं फुटेल असं वाटतं, ती म्हणाली. म्हातारीनं तिला जेवायला वाढलं. ती ताटासमोर थांबली, तेव्हा म्हातारी सवयीनं "खा" म्हणाली आणि कपाळावर हात मारून आत गेली.

दुसऱ्या दिवशी दोघी कामाला लागल्या. न बोलता, एकीच्या हालचालीला दुसरीची हालचाल लागून. विटा पोचवणं, प्लास्टिक झाकणं, भट्टीला बाहेरून चिखलानं लिंपणं. दिवस मावळायच्या आत भट्टी पेटवायजोगी झाली. दूधवाल्यानं जाता जाता भट्टीवाल्याला हाक मारली, "काय थोरले, दोन झाल्या की!" भट्टीवाल्यानं त्याला शिवी हासडली, पण ती ओठातल्या ओठात.

संध्याकाळी दोघी ओसरीवर त्याच्यासमोर येऊन बसल्या. त्यानं बोलावलं नव्हतं. आधी राखणबाई बोलली, मग बायको बोलली, दोघी एकाच चालीत. त्यानं सगळं ऐकलं आणि बोलायला तोंड उघडलं. "झालं. गेलं. सगळं." आवाज हळू निघाला, एकेक शब्द सुटा. दोघींच्या माना एकदम खाली झुकल्या. त्याच्या अंगावरून काटा सरसरत गेला, आणि खोटं कशाला बोला, त्या काट्यात सुखही होतं. जन्मभर तो ओट्याखाली उभा राहिलेला माणूस. त्याच्यापुढं अशी मान कुणी कधी झुकवली होती?

तो घाबरून उठला आणि खाली, त्यांच्या ओळीत जाऊन बसला.

"मला काही कळत नाही," तो म्हणाला. "ऐका. तहान कुणाची आणि राग कुणाचा, हे मला कसं ठाऊक असणार? मी तुला सांगत होतो, ते विटा व्हायच्या होत्या म्हणून. आणि सांगितलं की तू झोपतेस म्हणून. मी थोरला नाही. मला चिखलाशिवाय काही येत नाही."

आतून म्हातारीच्या भांड्यांचा आवाज बंद झाला. खारू दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

मग बायकोनं मान वर केली. ती नवऱ्याकडं नाही, राखणबाईकडं बघत होती.

"खारू तापानं फणफणली होती," ती म्हणाली. "यांनी निरोप धाडला होता. तुम्ही मला पोरगी बरी झाल्यावर सांगितलंत."

"हो," राखणबाई म्हणाली.

बायकोचा श्वास वरखाली व्हायला लागला. हात चिखल निपटतात तसे स्वतःच्याच मांडीवर फिरत होते.

"मला ही बाई इथं नको," ती म्हणाली. आणि लगेच भेदरून नवऱ्याकडं वळली. "हे माझं की कुजबुज?"

भट्टीवाल्यानं उत्तर दिलं नाही. द्यावंसं फार वाटलं, पण त्यानं जीभ दाताखाली धरली. कारण राखणबाईच्या पायाचं फडकं रक्तानं भिजलेलं त्याला दिसत होतं. आज रात्र राहू दे, सकाळी जाईल, असं म्हणायला काय लागत होतं? पण ते म्हटलं असतं तर बायकोचा इतक्या वर्षांतला पहिला शब्द त्यानं स्वतःच्या हातानं पुसला असता. तो काही ठरवायच्या आतच राखणबाई उठली होती. तिला जा म्हटलेलं पुरेसं होतं. कुणी म्हटलं आणि का म्हटलं, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

तो तिला सायकलवर बसवून थांब्यावर घेऊन गेला. आपली चप्पल तिला दिली. शेवटची बस यायची होती. तिनं विचारलं, "कुठं जाऊ?" आपल्याला काही कळत नाही, असं तो घटकाभरापूर्वीच म्हणाला होता. पण बस आली, वाहक घाई करायला लागला, आणि तो म्हणाला, "भावाकडं जा." ती हो म्हणून चढली. भाऊ दार उघडेल की नाही, या विचारात तो अनवाणी उभा राहिला. बस दिसेनाशी झाली तरी तिथंच.

घरी आला तेव्हा बायको खारूच्या शेजारी आडवी झाली होती. झोपली नव्हती.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली."

"मी वाईट वागले का?"

"मला ठाऊक नाही," तो म्हणाला. तिनं कूस बदलली आणि पुन्हा काही विचारलं नाही.

सकाळी भट्टी पेटवायची होती. त्यानं तिला हाक मारली. ती उठली नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा पांघरुणातून आवाज आला, "नाही येत." आवाजात राग होता की रडू, ते कळलं नाही. तो दारात घुटमळला. तिला उठवणं त्याच्या हातात होतं. जरा खालच्या सुरात, सावकाश 'ऊठ' म्हटलं असतं तर ती उठली असती. तो तसाच वळून भट्टीकडं गेला.

भट्टीला माणसं कमीच पडली. जाळ घालायच्या एका तोंडाला बहिरे काका, दुसऱ्याला तो, लाकडं सारायला म्हातारी. आग एका अंगानं वर चढली आणि दुसऱ्या अंगाला दबून राहिली. तिसऱ्या तोंडाशी माणूस हवं होतं. धूर पिवळा निघाला, काकांनी तो बघून नुसती मान हलवली. एका बाजूच्या विटा कच्च्या राहणार, हे दुपारपर्यंत कळून चुकलं.

ऊन कलल्यावर खारू पाण्याची कळशी घेऊन आली. त्यानं विचारलं, "आई उठली का?"

"उठली. पण भिंतीला टेकून बसलीय."

त्यानं तिच्या हातातली कळशी घेतली. "जेवली?"

"आजीनं ताट दिलं. म्हणाली, मला ही भाजी आवडत नाही." खारूनं खांदे उडवले. "मग नुसतीच बसली. कुणाशी बोलत नाही. मी जवळ गेले तर म्हणाली, तुझे केस किती गुंतलेत. पण विंचरले नाहीत."

"तू तिला काही सांगितलं नाहीस ना? हे कर, ते कर?"

"नाही. मी आता तिच्याशी तसं खेळत नाही."

तो ते ऐकून घेत उभा राहिला. ही सुधारते आहे की बिघडते आहे? भाजी आवडत नाही म्हणाली, हे चांगलं. भिंतीला टेकून बसली, हे वाईट. की उलटं? डॉक्टरीणबाईंकडं जायला अजून तीन दिवस होते. म्हातारी कपाळाला हात लावून धुराकडं बघत होती, ढग डोंगर सोडून पुढं आले होते. काकांनी त्याला लाकडाचा ओंडका दाखवून खूण केली. तो खाली वाकला, ओंडका उचलला आणि ज्या बाजूला आग दबली होती त्या तोंडात रेटला. धुरानं डोळे भरून आले. डोळे पुसत त्यानं घराच्या दिशेनं बघितलं. दार उघडं होतं. आत कुणी हललं की काय, ते एवढ्या लांबून नीट दिसत नव्हतं.